रिकेल्मे: चेंडू पायाखाली धरून सामना चालवणारा दहा नंबर

मधली_फळी

अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू हुआन रोमान रिकेल्मेचं नाव निघालं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. खेळ देखणा होता, पण माणूस संथ होता. अठरा वर्षांची कारकीर्द या दोन वाक्यांत गुंडाळलेली मला पटत नाही, म्हणून हा धागा काढतोय. माझं म्हणणं असं: रिकेल्मे कुठे चालला आणि कुठे नाही, हे त्याच्या पायांपेक्षा त्याच्या भोवतीचे नऊ जण कसे उभे केले होते यावर ठरलं. त्याला खेळवायची एक किंमत होती. ती आधीच ठरवून मोजणाऱ्या प्रशिक्षकाला त्याने करंडक दिले, नाहीतर निदान करंडकाच्या उंबऱ्यापर्यंत तरी नेलं.

सुरुवातीचं थोडक्यात. जन्म २४ जून १९७८, ब्युनोस आयर्सच्या उत्तरेला सान फर्नांदो इथे. वाढला जवळच्या डॉन तोर्क्वातो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत, अकरा भावंडांत थोरला. कुमार वयात अर्जेंटिनोस ज्युनिअर्सकडे. मारादोना, रेदोन्दो, सोरिन, कांबियासो हे सगळे याच क्लबातून वर आले. तिथे रिकेल्मे खेळायचा पाच नंबरला, म्हणजे बचावफळीच्या पुढ्यात. हे लक्षात ठेवा, कारण पाठीमागून येणाऱ्या चेंडूचा अंदाज आणि अख्खं मैदान डोळ्यांसमोर ठेवायची सवय तिथली आहे. १९९६ मध्ये बोका ज्युनिअर्सने त्याला घेतलं. १० नोव्हेंबर १९९६ ला प्रशिक्षक कार्लोस बिलार्दोने त्याला उनियोन दे सांता फे विरुद्ध पहिल्यांदा उतरवलं. १९९७ मध्ये मलेशियात प्रशिक्षक पेकरमनच्या हाताखाली युवा विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला रिव्हर प्लेटच्या मैदानावर मध्यंतरानंतर मारादोनाच्या जागी रिकेल्मे आत आला. मारादोनाचा तो शेवटचा अधिकृत सामना ठरला.

खरं काम सुरू झालं १९९८ मध्ये बोकाला प्रशिक्षक म्हणून कार्लोस बियांची आल्यावर. रचना ४-३-१-२, म्हणजे मागे चार, मधे तीन, मग एक, पुढे दोन. त्या 'एक'ला तिकडे 'एन्गान्चे' म्हणतात. शब्दाचा अर्थ आकडा, रेल्वेचे दोन डबे जोडतो तसला. मागचे सात आणि पुढचे दोन यांना जोडणारा तो एकटाच. चेंडू हिसकावला की पहिली नजर त्याच्याकडे, आणि तो मोकळा नसेल तर जरा थांबून पुन्हा त्याच्याचकडे. बचावात मात्र त्याच्याकडून फार काही मागायचं नाही. त्याच्या वाटणीची धावाधाव मागच्या तिघांनी करायची. मधे कोलंबियाचा सेर्ना, एका अंगाला बाताग्लिया, दुसऱ्या अंगाला बासुआल्दो. किंमत म्हणतो ती हीच.

या रचनेचं दुखणं कडेला आहे. पंखावर कायमचा माणूस नसतो. समोरचे दोन्ही साइड बॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, वर चढले की तिघांमधला एक बाहेर खेचला जातो आणि मधे भगदाड पडतं. बियांचीने यावर दोन उपाय केले. उजवीकडून इबारा वर जायचा तेव्हा त्या बाजूचा मधला खेळाडू जागेवरच थांबायचा. आणि पुढच्या दोघांतला एक, बहुतेक वेळा देल्गादो किंवा गिलेर्मो बारोस स्केलोत्तो, कडेला सरकून समोरच्या साइड बॅकला मागे अडकवून ठेवायचा. पालेर्मो तेवढा आत. याच पायावर १९९८-९९ मध्ये बोका सलग ४० लीग सामने हरलं नाही, आणि २००० व २००१ असे लागोपाठ दोन कोपा लिबेर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकले.

उजवा_बॅक

टोकियोचा सामना घेतल्याशिवाय हे समजायचं नाही. २८ नोव्हेंबर २०००, आंतरखंडीय चषक, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि युरोप यांच्या विजेत्या क्लबांतला सामना, समोर रेआल माद्रिद. फिगो, राउल, रोबेर्तो कार्लोस, इएरो, गोलात कासियास. सहाव्या मिनिटाला बोका २-० पुढे, दोन्ही गोल पालेर्मोचे. बाराव्या मिनिटाला रोबेर्तो कार्लोसने एक परत केला. उरलेला जवळपास सगळा सामना २-१ वर धरून ठेवायचा होता.

दुसऱ्या गोलाचा पास आधी बघा. रिकेल्मे स्वतःच्या अर्ध्यात आहे. चेंडू आल्यावर त्याने मान वर केली असं दिसत नाही, कारण त्याने ती आधीच केली होती. पालेर्मोची धाव सुरू होते आणि चेंडू सुटतो या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. चेंडू बचावफळीच्या डोक्यावरून, पालेर्मोच्या पुढ्यात, त्याला पाऊल आखडावं लागणार नाही अशा बेताने पडतो. डाव्या पायाने खालून फटका आणि गोल.

पण माझ्या मते मोठं काम पुढच्या ऐंशी मिनिटांत झालं. माकेलेले त्याच्या अंगाला चिकटून होता. रिकेल्मे पुन्हा पुन्हा कडेला जायचा, पाठ माकेलेलेकडे, तळवा चेंडूवर. एक जण येतो, दुसरा येतो, मग फाउल. चेंडू ठेवायचा, सगळ्यांनी श्वास घ्यायचा, पुन्हा सुरू. आघाडीवर असलेल्या संघाला याहून मोठी मदत नाही. बचावाला विश्रांती मिळते ती चेंडू आपल्याकडे असतानाच. रिकेल्मे बचाव करत नव्हता म्हणणाऱ्यांनी हा सामना घड्याळ लावून बघावा.

टिपणवही

बरोबर. तिकडे याला 'पाउसा' म्हणतात, साधा मराठी शब्द 'थांबा'. चेंडू धरून उगाच थांबणं नव्हे ते. साथीदाराची धाव पिकायची असते, तेवढा वेळ काढायचा. अर्धा सेकंद आधी पास दिला तर स्ट्रायकर ऑफसाइड (पास सुटताना बचावफळीच्या पलीकडे) नसतो पण बचावपटूच्या पुढेही गेलेला नसतो. अर्धा सेकंद उशीर केला तर ऑफसाइड. तो अर्धा सेकंद अंगावर माणूस असताना काढायचा, तर चेंडू कुणी काढून घेणार नाही असा धरता यायला हवा.

रिव्हरचा बचावपटू येपेस याच्या पायांतून काढलेला चेंडू सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो बहुतेक जण चमत्कार म्हणून बघतात. त्यात केलेल्या गोष्टी चार. २४ मे २०००, लिबेर्तादोरेसचा उपांत्यपूर्व फेरीचा परतीचा सामना, बोकाचं घरचं मैदान बोंबोनेरा. पहिला सामना रिव्हरने २-१ जिंकलेला. टचलाइनजवळ रिकेल्मेकडे चेंडू, तोंड स्वतःच्या गोलाकडे, पाठीवर मारियो येपेस. एक: रिकेल्मे रेषेच्या कडेने मागे जातोय असं दाखवतो, म्हणून येपेस जवळ येतो. दोन: अंगाचा भार एका बाजूला टाकतो. येपेस त्या बाजूची वाट अडवायला पाय फाकवतो. तीन: उजव्या पायाचा तळवा चेंडूच्या माथ्यावर ठेवून चेंडू मागे ओढतो, थेट त्या फाकलेल्या पायांमधून. चार: स्वतः दुसऱ्या बाजूने वळून पलीकडे चेंडू गाठतो. वेग कुठेच लागला नाही. लागला तो येपेसचाच, आणि तोही चुकीच्या दिशेला. बोका ३-० जिंकलं. देल्गादो, रिकेल्मेची पेनल्टी, आणि गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून परतलेला पालेर्मो.

सांजवेळ

बोकापर्यंत सगळं मान्य. पण बार्सिलोनातल्या अपयशाचं खापर सगळे तिथला प्रशिक्षक लुई व्हान गालवर फोडतात, ते मला अर्धंच खरं वाटतं.

२००२ च्या उन्हाळ्यात रिकेल्मे तिकडे गेला. व्हान गालला तो नकोच होता, क्लबाच्या वरच्या मंडळींनी आणलेला खेळाडू असं त्याचं मत होतं आणि त्याने ते लपवलं नाही. त्याने रिकेल्मेला आघाडीच्या तिघांत डाव्या कडेला उभं केलं. आता कडेचा माणूस म्हणजे काय? पहिलं काम, जागा रुंद ठेवायची, म्हणजे रेषेला चिकटून वाट बघायची. दुसरं, समोरचा साइड बॅक वर चढला की त्याच्या मागे स्वतःच्या अर्ध्यात यायचं. तिसरं, चेंडू मिळाला की सरळ रेषेत वेगाने पुढे. तिन्ही गोष्टी रिकेल्मेच्या स्वभावाच्या उलट. तो आत सरकायचा, मग डावी कड ओस पडायची आणि मागच्या साइड बॅकवर दोन-दोन माणसं यायची. म्हणजे नुकसान दोन्हीकडून.

पण दुसरी बाजूही आहे. बोकात त्याला प्रत्येक चेंडू मिळायची सवय होती. युरोपात त्या काळी चेंडू आल्यावर दोन स्पर्शांत सोडणं अपेक्षित होतं. रिकेल्मेने ती सवय तिथे फारशी बदलली नाही. व्हान गाल जानेवारी २००३ मध्ये गेला, तरी घडी बसली नाही. बार्सिलोना लीगमध्ये सहावं आलं. मग रोनाल्डिन्हो आला आणि रिकेल्मे उसनवारीवर व्हियारेआलला.

मधली_फळी

सांजवेळ, दुसरा मुद्दा घेतो. पण 'त्याने बदल केला नाही' यापेक्षा 'बदल करून घेण्यासारखी जागा त्याला दिली नाही' हे मला जास्त जवळचं वाटतं. पुरावा दीडशे-दोनशे मैलांवरच आहे.

व्हियारेआल क्लबाचं व्हिला-रेआल हे कास्तेयोनजवळचं सुमारे पन्नास हजार वस्तीचं गाव, भोवती टाइल्सचे कारखाने. २००४ मध्ये चिलीचा मान्युएल पेल्येग्रिनी प्रशिक्षक झाला. कागदावर त्याची रचना चार, दोन, दोन, दोन. रिकेल्मे पुढच्या 'दोन'मध्ये, बहुतेकदा डावीकडे. मग व्हान गालपेक्षा वेगळं काय? इथे डावी कड राखायची जबाबदारी त्याच्यावर नव्हतीच. साइड बॅक, म्हणजे आरुआबारेना किंवा सोरिन, कड घेऊन वर जायचा. रिकेल्मे आत यायचा तो वाट मोकळी करून द्यायलाच. मागे मार्कोस सेना आणि जोसिको, नंतर ताक्किनार्दी. दोघांतला एक कायम जागेवर. तेच आत सरकणं, एका क्लबात दोष आणि दुसऱ्यात संघाची मुख्य चाल.

२००४-०५ मध्ये व्हियारेआल लीगमध्ये तिसरं. दिएगो फोर्लानचे २५ गोल, रिकेल्मेचे १५. पुढच्या वर्षी क्लबाचा पहिलाच चॅम्पियन्स लीग मोसम. पात्रता फेरीत एव्हर्टनला हरवलं. गटात मँचेस्टर युनायटेड, लील, बेन्फिका. सहा सामन्यांत व्हियारेआलने केलेले गोल अवघे ३, खाल्लेला १, गुण १०, आणि गटात पहिले. ज्या संघात एक माणूस बचाव करत नाही म्हणतात, त्याने सहा सामन्यांत एकच गोल खाल्ला. याचं उत्तर वर उजवा_बॅक यांनी टोकियोच्या निमित्ताने दिलंच आहे. मग रेंजर्स आणि इंटर, दोन्ही वेळा परक्या मैदानावरच्या गोलाच्या नियमावर (एकूण गोल बरोबरीत असतील तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे) वरच्या फेरीत. इंटरविरुद्धचा निर्णायक गोल आरुआबारेनाचा होता, डोक्याने, रिकेल्मेच्या फ्री किकवर.

मांडवी

आणि मग आर्सेनल. त्यांच्या हायबरी मैदानावर कोलो तुरेच्या गोलाने ०-१. २५ एप्रिल २००६ ला घरच्या एल माद्रिगालवर शेवटची मिनिटं, ०-०, खोसे मारीला क्लिशीने पाडलं म्हणून पेनल्टी. गोल झाला असता तर जादा वेळ मिळाला असता. रिकेल्मेचा फटका कोपऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही. आर्सेनलचा गोली लेहमनने डावीकडे झेप घेतली आणि चेंडू परतवला. व्हियारेआल बाहेर.

पेनल्टीबद्दल एक तांत्रिक गोष्ट. अकरा मीटरवरून पायाच्या आतल्या बाजूने, ताकदीपेक्षा जागेवर भर देऊन मारणाऱ्याला कोपऱ्याची शेवटची अर्धी यार्ड जागा गाठावीच लागते. जोर मध्यम असेल तर त्याच्या आत आलेला चेंडू उंच गोलीच्या हाताच्या टप्प्यात येतो. रिकेल्मे नेहमी तसाच मारायचा आणि बहुतेक वेळा गोल व्हायचा. त्या रात्री फटका त्या पट्टीच्या आत आला, आणि लेहमन आधीच योग्य बाजूला निघाला होता.

दोन महिन्यांनी तोच लेहमन जर्मनीचा गोली म्हणून पुन्हा आडवा आला. विश्वचषक २००६. पेकरमनने अर्जेंटिनाचा अख्खा संघ रिकेल्मेभोवती बांधला होता. आयव्हरी कोस्टविरुद्ध साव्हियोलाला दिलेला आरपार पास, मग गेल्सनकिर्खेनला सर्बिया आणि माँटेनेग्रोवर ६-०. त्यातला कांबियासोचा गोल, वीसहून जास्त पास आणि शेवटी क्रेस्पोची टाच, आजही प्रशिक्षणात दाखवतात. ३० जूनला बर्लिनमध्ये जर्मनी. ४९ व्या मिनिटाला रिकेल्मेचा कॉर्नर, आयालाचं डोकं, १-० आघाडी. ७१ व्या मिनिटाला गोली अबोंदान्झिएरी जखमी होऊन बाहेर. ७२ व्या मिनिटाला रिकेल्मेला काढून कांबियासो. ७९ व्या मिनिटाला क्रेस्पोला काढून खुलिओ क्रूझ. ८० व्या मिनिटाला क्लोजेचा गोल. पेनल्टींवर ४-२ हार, आयाला आणि कांबियासो दोघांच्याही लेहमनने अडवल्या. मेसी बाकावरच. रिकेल्मेला काढणं ही त्या सामन्यातली घोडचूक होती यात मला तरी शंका वाटत नाही.

उजवा_बॅक

मांडवीताई, मी पेकरमनची बाजू मांडतो. फ्रिंग्सने रिकेल्मेला चांगलंच जखडलं होतं, खुल्या खेळात त्याला तोंड फिरवून चेंडू मिळतच नव्हता. जर्मनी मधून माणसं वाढवत होती. बदल करताना हिशेब असा की मास्केरानोच्या जोडीला दुसरा बचाव करणारा हवा, आणि १-० राखायला तो पुरेल.

चूक दोन गोष्टींची झाली. गोलीच्या दुखापतीत एक बदल आधीच गेला होता, तेव्हा तीनच बदल मिळायचे. म्हणजे रिकेल्मे आणि क्रेस्पो निघाल्यावर पेकरमनच्या हातात काही उरलं नाही. आणि रिकेल्मे गेल्यावर चेंडू धरून ठेवणारा माणूस संपला. बचावातून काढलेला प्रत्येक चेंडू तीन सेकंदांत परत यायला लागला. म्हणजे बचाव वाढवायला केलेल्या बदलाने बचावावरचं ओझंच वाढलं. क्लोजेचा गोल उडवलेल्या चेंडूवर, बोरोव्स्कीच्या डोक्यावरून मागे आलेला. तो रिकेल्मे असता तरी झाला असता कदाचित. त्यानंतरची चाळीस मिनिटं मात्र वेगळी गेली असती.

रंकाळा

इथे कोल्हापुरात विश्वचषक आला की अर्जेंटिना आणि ब्राझीलवरून पेठा वाटल्या जातात, त्यामुळे हे वाचायला मजा येतेय. माझा प्रश्न जरा कामाचा आहे. पंधरा वर्षांखालच्या पोरांना शिकवताना एखादं पोर असं निघतं, पाय मऊ, नजर चांगली, पण पळायला कमी. आम्ही त्याला कडेला टाकतो किंवा बसवतो. अशाला नेमकं काय शिकवावं? मैदान कडक आहे, गवत तुरळक.

टिपणवही

रंकाळा, कडेला मात्र टाकू नका, वर बार्सिलोनाचं वाचलंतच. रिकेल्मे जे करायचा त्यातलं शिकवता येण्यासारखं पुष्कळ आहे. मी क्रमाने सांगतो.

आधी चेंडू आणि मैदान. पंधरा वर्षांखालच्यांना पाच नंबरचा चेंडू, घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. नियमाप्रमाणे हवेचा दाब ०.६ ते १.१ अॅटमॉस्फिअर चालतो. कडक मैदानावर खालच्या टोकाकडे ठेवा. दगडासारखा फुगवलेला चेंडू तिथे टप्पा घेऊन नडगीवर येतो, पोर तळवा टाकायला घाबरतं आणि तंत्र चुकीचं बसतं.

पहिली सवय: चेंडू येण्याआधी दोनदा मागे बघणं. एकदा साथीदार पास द्यायच्या तयारीत असताना, दुसऱ्यांदा चेंडू वाटेत असताना. सराव सोपा. पोराच्या पाठीमागे दहा पावलांवर तुम्ही उभे राहा, हाताची बोटं दाखवा. समोरून पास येतो, चेंडू पायाला लागायच्या आत त्याने आकडा सांगायचा. सुरुवातीला सगळे चेंडू घेतल्यावर आकडा सांगतात. म्हणजे ते एकदाच बघतायत, तेही उशिरा. पास थोडा लांबून द्या, वेळ मिळतो, मग अंतर कमी करा.

दुसरी: अंग आडवं ठेवणं. पाठ पूर्णपणे बचावपटूकडे नको, खांदा त्याच्याकडे. त्याच्यापासून लांबच्या पायाखाली चेंडू, गुडघे वाकलेले, ढुंगण खाली. हात पसरायचा तो त्याचा अंदाज घ्यायला. हाताने ढकललं की फाउल आपल्यावरच. नियम एवढंच मागतो की चेंडू तुमच्या खेळायच्या टप्प्यात हवा. बहुतेक पोरं सरळ उभी राहतात, पहिल्याच धक्क्याला जातात. ताकद कमी असते म्हणून नव्हे, बूड उंच असतं म्हणून.

तिसरी: तळवा. चेंडूवर चवड्याचा मांसल भाग ठेवायचा, टाच नाही आणि बोटंही नाहीत. ओढायचा तेव्हा दुसरा पाय चेंडूच्या शेजारी, जरा मागे. हा टेकूचा पाय चेंडूच्या पुढे गेला की ओढलेला चेंडू आपल्याच घोट्यावर आपटतो. ही चूक सगळ्यांत जास्त दिसते. आधी जागेवर, मग चालत, मग पाठीवर माणूस घेऊन. खडबडीत जागी स्टडचे बूट टाळा, बारीक दातांचे घ्या, नाहीतर तळवा घसरतो.

चौथी, आणि हीच बहुतेक ठिकाणी राहून जाते: बाकीच्यांना शिकवणं. दहा बाय दहा मीटरच्या चौकोनात चार विरुद्ध दोन खेळवा, मधे हे पोर तटस्थ, चेंडू ज्यांच्याकडे त्यांच्या बाजूने. अट अशी की त्याच्याकडे चेंडू गेला की निदान दोघांनी जागा बदललीच पाहिजे. तो थांबतो आणि बाकीचेही थांबतात, असं झालं तर त्याचा थांबा फुकट जातो आणि सगळे त्यालाच संथ म्हणतात.

पळण्याचं म्हणाल तर त्याला सूट पूर्ण देऊ नका. चेंडू गेल्यावर पहिली पाच-सहा पावलं समोरच्या सगळ्यात जवळच्या खेळाडूच्या पासच्या वाटेत टाकायची, एवढं काम त्याचं. मागे साठ मीटर पळायला लावू नका. आणि त्याच्या मागे दोघं तरी चेंडू काढून घेणारी असली पाहिजेत. ती नसतील तर या वर्षी ही रचना खेळूच नका.

सांजवेळ

फ्री किकचंही सांगायला हवं, कारण २००७ चं वर्ष त्यावरच उभं आहे.

पेल्येग्रिनीशी बिनसलं आणि फेब्रुवारी २००७ मध्ये रिकेल्मे उसनवारीवर बोकात परतला. प्रशिक्षक मिगेल आंखेल रुसो. लिबेर्तादोरेसच्या उपांत्य फेरीत कुकुताकडून ३-१ हार, परतीच्या सामन्यात बोंबोनेरावर दाट धुकं, पहिला गोल रिकेल्मेची फ्री किक, शेवटी ३-०. अंतिम फेरीत ग्रेमिओवर घरी ३-०, त्यातली एक त्याची फ्री किक. २० जूनला पोर्तो आलेग्रेत २-०, दोन्ही गोल त्याचे. एकूण ५-०. स्पर्धेत त्याचे ८ गोल. लगेच कोपा अमेरिकात ५ गोल, अंतिम सामन्यात मात्र ब्राझीलकडून ०-३.

पुढचा भाग मला जास्त थोर वाटतो. उसनवारी संपल्यावर व्हियारेआलने त्याला खेळवलंच नाही. महिनोन्‌महिने क्लबाचा एकही सामना नाही. त्या अवस्थेत १३ ऑक्टोबर २००७ ला विश्वचषक पात्रता फेरीत चिलीवर २-०, दोन्ही गोल त्याच्या फ्री किकवर. नोव्हेंबरात बोलिव्हियाविरुद्ध आणखी दोन. वेगावर जगणारा खेळाडू असा परत येऊ शकत नाही. बोकाने त्याला कायमचं घेतलं, पण नोंदणीची मुदत टळल्याने डिसेंबरचा क्लब विश्वचषक तो खेळू शकला नाही आणि अंतिम फेरीत मिलानने बोकाला ४-२ हरवलं.

त्याची फ्री किकची पद्धत: धाव आखूड. टेकूचा पाय चेंडूच्या बाजूला. संपर्क अंगठ्याच्या बुंध्याच्या हाडाने, चेंडूच्या मध्याच्या जरा खाली आणि उजवीकडे. भिंत ९.१५ मीटरवर असते. वीस-बावीस मीटरवरून चेंडू भिंतीवरून जाऊन खाली यायचा तर फिरकी हवी, नुसता जोर नको. शिकणाऱ्याचा चेंडू वरून जातो तो अंग मागे झुकतं म्हणून, आणि भिंतीत अडकतो तो पाय चेंडूच्या मधोमध लागतो म्हणून.

मांडवी

उरलेली वर्षं मी पटकन लिहिते. २००८, बेजिंग ऑलिंपिक, वयाची अट नसलेल्या तिघांत मास्केरानो आणि पारेखासोबत हा, आणि कर्णधारही. उपांत्य फेरीत ब्राझीलवर ३-०, अंतिम सामन्यात दि मारियाच्या गोलाने नायजेरियावर १-०, सुवर्णपदक. मार्च २००९ मध्ये मारादोना प्रशिक्षक असताना मतभेदांवरून राष्ट्रीय संघ सोडला. ५१ सामने, १७ गोल. २०१२ मध्ये लिबेर्तादोरेसचा अंतिम सामना कोरिंथियन्सकडून हरल्यावर बोका सोडतो म्हणाला, २०१३ मध्ये बियांची परतला तेव्हा हाही परतला. २०१४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरलेल्या अर्जेंटिनोस ज्युनिअर्सकडे गेला, त्यांना वर आणलं, आणि जानेवारी २०१५ मध्ये थांबला.

बोकाच्या कारभाऱ्यांशी त्याचं भांडण जुनं. ८ एप्रिल २००१ ला रिव्हरवर ३-० च्या सामन्यात पेनल्टी अडवली गेल्यावर परतलेला चेंडू डोक्याने आत घातला, आणि करारावरून वाद चालू असलेल्या अध्यक्ष माउरिसियो माक्रीच्या कक्षासमोर जाऊन दोन्ही कानांमागे हात धरून उभा राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये तोच रिकेल्मे माक्रीच्या गटाला हरवून बोकाचा अध्यक्ष झाला. कारभारी म्हणून तो कसा, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, इथे मिसळू नये असं मला वाटतं.

रंकाळा

सगळ्यांचे आभार, विशेषतः टिपणवहींचे. बोटांचा सराव उद्यापासून लावतो. पोरांना एकच सामना दाखवायचा तर कुठला?

उजवा_बॅक

टोकियो. पण चेंडूकडे बघू देऊ नका. पहिल्यांदा फक्त रिकेल्मेची मान बघायला सांगा, चेंडू येण्याआधी ती किती वेळा फिरते ते प्रत्येकाने कागदावर रेघा मारून मोजायचं. दुसऱ्यांदा तोच सामना लावा, या खेपेला बाताग्लियाकडे बघायचं. रिकेल्मे चेंडू धरतो तेव्हा तो कुठे पळतो, आणि चेंडू गेला की कुणाच्या जागी येऊन उभा राहतो.

टिपणवही

आणि पहिली पंधरा मिनिटं पुरे एका बैठकीला. त्यात तिन्ही गोल येतात.